आयर्न-कार्बन नॅनोमटेरियलचे कॅटॅलिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला लोखंड आणि कार्बन घेऊन कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) बनवायचा हा विषय खूप जण घेतात, आणि घ्यावाच, सामान कॉलेजच्या स्टोअरमध्ये मिळतं आणि केमिस्ट्री खरंच भारी आहे. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळे इथे एकत्र लिहितोय. रंगाच्या सांडपाण्यासाठीच्या कॅटॅलिस्टवर जास्त लिहिलंय कारण बहुतेकांचं काम तेच असतं. फ्युएल सेल (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज काढणारा सेल) आणि बाकीच्यावर शेवटी थोडं आहे.

लोखंडच का? कोबाल्ट, निकेल, प्लॅटिनम का नाही?

स्वस्त आहे, भरपूर आहे, आणि पाण्यात थोडं सुटलं तरी कोबाल्ट-निकेलइतकं घातक नाही. पण खरं कारण वेगळं आहे, लोखंड प्लस दोन (फेरस) आणि प्लस तीन (फेरिक) या दोन अवस्थांत सहज ये-जा करतं, आणि कॅटॅलिस्टला हेच लागतं, इलेक्ट्रॉन दे, परत घे, पुन्हा दे. १८९४ साली फेंटन नावाच्या इंग्लिश केमिस्टने दाखवलं की फेरस आयर्न आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र घातलं तर टार्टारिक ॲसिड ऑक्सिडाईज होतं. त्यामागे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोरचा रेणू फोडणारा फार चळवळ्या तुकडा, आहे ही कल्पना १९३४ मध्ये हाबर आणि वाईस यांनी मांडली. हा तोच हाबर, ज्याच्या अमोनियाच्या पद्धतीवर जर्मनीत ओपाऊला १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला, आणि तिथलाही कॅटॅलिस्ट लोखंडाचाच होता, ॲल्युमिना आणि पोटॅश मिसळलेला.

मग कार्बन कशाला? नुसतं आयर्न ऑक्साईड चालणार नाही का?

चालेल, पण थोडा वेळ. नॅनो कण एकटे ठेवले की एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात, मॅग्नेटिक कण तर जास्तच, आणि मग नॅनो करून काय मिळवलं? कार्बनच्या भोकांत आणि पृष्ठभागावर कण अडकून राहतात म्हणून वेगळे राहतात. कार्बन वीज वाहतो त्यामुळे लोखंडाला परत फेरसमध्ये आणायला मदत होते. डाय, म्हणजे पाण्यातला रंग, आधी कार्बनवर येऊन चिकटतो, म्हणजे रिॲक्शनच्या जागेजवळ येतो. आणि फर्नेसमध्ये तर कार्बन स्वतःच रिड्युसिंग एजंट (ऑक्साईडमधला ऑक्सिजन काढून घेणारा) होतो, हायड्रोजन लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, डाय चिकटतो हा जसा फायदा आहे तसाच पुढे रिझल्ट वाचताना तोच सगळ्यात मोठा घोळ घालतो, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

नॅनो केल्याने असा किती फरक पडतो?

स्वतः हिशोब करून बघा. गोल कण धरला तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग म्हणजे सहा भागिले (घनता गुणिले व्यास). मॅग्नेटाईटची (लोखंडाचं काळं, मॅग्नेटला चिकटणारं ऑक्साईड) घनता ५.२, व्यास १० नॅनोमीटर घेतला तर साधारण ११५ चौरस मीटर येतो. तोच कण १० मायक्रॉनचा असला तर ०.११५. हजारपट फरक. तुमची बीईटीची (पावडरचा पृष्ठभाग मोजायची टेस्ट) व्हॅल्यू या हिशोबापेक्षा खूप जास्त आली तर तो एरिया कार्बनचा आहे, लोखंडाचा नाही, आणि "आमच्या आयर्न ऑक्साईडचा सरफेस एरिया ६००" असं थिसिसमध्ये लिहू नका.

आयर्न-कार्बन म्हणजे नक्की काय बनवायचं? पेपरमध्ये तर पन्नास नावं दिसतात.

नावं खूप, पण प्रकार तसे मोजकेच. एक, कार्बनवर बसवलेलं मॅग्नेटाईट, हे पाण्याच्या कामाला सगळ्यात सोपं. दोन, धातूरूप लोखंड किंवा आयर्न कार्बाईडचे कण आणि त्यांच्याभोवती ग्राफाईटचं कवच, हे फर्नेसमध्येच होतं. तीन, कार्बनमध्ये नायट्रोजनने धरून ठेवलेले लोखंडाचे सुटे अणू, ज्याला आयर्न-नायट्रोजन-कार्बन म्हणतात, फ्युएल सेलसाठी. आणि चार, कार्बन नॅनोट्यूबवर किंवा ट्यूबच्या आत लोखंड. पहिल्यांदाच करत असाल तर पहिला प्रकार घ्या आणि नीट करा.

को-प्रेसिपिटेशनची रीत आकड्यांसकट सांगाल का?

सांगतो. फेरिक आणि फेरसचं प्रमाण २:१, ही पद्धत मासार्ट या फ्रेंच केमिस्टच्या १९८१ च्या कामानंतर सगळीकडे पसरली. फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट २.७० ग्रॅम म्हणजे १० मिलिमोल, फेरस क्लोराईड टेट्राहायड्रेट ०.९९ ग्रॅम म्हणजे ५ मिलिमोल. फेरस क्लोराईड नसेल तर फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट १.३९ ग्रॅम. त्यातून मॅग्नेटाईट निघेल जास्तीत जास्त १.१६ ग्रॅम. सोबत २ ग्रॅम कार्बन घेतला तर मटेरियलमध्ये मॅग्नेटाईट साधारण ३७ टक्के, आणि त्यातलं निव्वळ लोखंड सव्वीस-सत्तावीस टक्के, हे दोन आकडे वेगळे आहेत, लिहिताना गल्लत करू नका.

आधी १०० मिलि डीआय वॉटरमध्ये (क्षार काढलेलं पाणी) कार्बन टाकून सोनिकेट करा, मग अर्धा तास नायट्रोजन सोडा. ऑक्सिजन गेल्यावरच लोखंडाचे क्षार टाका, फेरस सगळ्यात शेवटी. ७० डिग्रीला आणा, जोरात ढवळत २५ टक्क्यांचा अमोनिया सोडत जा, पीएच १० च्या वर गेला पाहिजे, या मापाला पंधराएक मिलि पुरतो. फ्यूम हूडमध्येच करा, हे सांगायला नको. कार्बनशिवाय केलं तर केशरी-तपकिरी द्रावण बघता बघता काळंकुट्ट होताना दिसतं. तासभर ढवळत ठेवा, नायट्रोजन चालूच. मग बीकरच्या बाजूला मॅग्नेट लावून वरचं पाणी ओता, पुन्हा पाणी घाला, पीएच सातच्या आसपास येईपर्यंत हेच. शेवटचं वॉश इथेनॉलने करा म्हणजे सुकताना ढेकळं कमी होतात. ६० डिग्रीला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवा.

माझी पावडर काळी न होता तपकिरी झाली.

फेरस हवेने ऑक्सिडाईज झालं. नायट्रोजन कमी पडला असेल, नाहीतर फेरस क्लोराईडची बाटलीच जुनी असेल. ताजा फेरस क्लोराईड फिकट हिरवा असतो, बाटलीत पिवळट-तपकिरी दिसला तर त्यात आधीच फेरिक झालेलं आहे आणि तुमचं २:१ कागदावरच राहिलं. काळी पावडर ओव्हनमध्ये उघडी १०० च्या वर रात्रभर ठेवली तरी तपकिरीकडे जाते.

ढवळायला मॅग्नेटिक स्टरर वापरला तर?

नको. सगळं मॅग्नेटाईट स्टररच्या पेलेटला दाढीसारखं चिकटून बसतं. द्रावणात कॅटॅलिस्ट किती आहे तेच कळत नाही. वरून फिरणारा मेकॅनिकल स्टरर घ्या, बनवताना आणि नंतर टेस्ट करतानाही. तो नसेल तर ऑर्बिटल शेकर चालतो. ही एवढीशी गोष्ट कोणी पेपरमध्ये लिहीत नाही पण रेट कॉन्स्टंटची वाट लावते.

फर्नेसची पद्धत कशी असते? तापमान किती ठेवू?

सगळ्यात जास्त मजा इथेच आहे. कार्बनवर फेरिक नायट्रेट भिजवायचं, सुकवायचं, नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये तापवायचं. १ ग्रॅम कार्बनवर १० टक्के लोखंड हवं असेल तर लोखंड लागतं ०.१११ ग्रॅम, म्हणजे फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट साधारण ०.८० ग्रॅम. ते कार्बनच्या भोकांत मावेल इतक्याच पाण्यात विरघळवा, थेंब थेंब टाकून कालवा, पावडर दमट दिसली पाहिजे, चिखल नाही. चिखल झाला तर सुकताना लोखंड सगळं वर येऊन बसतं.

पुढे तापमानाप्रमाणे पदार्थच बदलत जातो. नायट्रेट फुटून आधी फेरिक ऑक्साईड होतं, मग चारशे-पाचशेच्या भागात कार्बन आणि त्यातून निघणारे वायू त्याला मॅग्नेटाईटवर आणतात. पुढे वुस्टाईट (लोखंडाचं अजून कमी ऑक्सिजनचं ऑक्साईड) येऊ शकतं, ते ५७० डिग्रीच्या वरच स्थिर असतं. सातशेच्या आसपास आणि वर धातूरूप लोखंड दिसायला लागतं, त्यात कार्बन विरघळतो, आयर्न कार्बाईड होतं. आठशे-नऊशेला हेच गरम लोखंड भोवतालच्या वेड्यावाकड्या कार्बनचं ग्राफाईट करतं आणि थंड होताना स्वतःभोवती थराथराचं कवच घालून घेतं. म्हणजे एकच सुरुवातीची पावडर, फक्त फर्नेसचा आकडा बदलला, आणि हातात येणारं मटेरियल पूर्ण वेगळं. कुठल्या तापमानाला कुठली फेज हे कार्बनच्या प्रकारावर, लोखंडाच्या प्रमाणावर, गॅसच्या फ्लोवर हलतं, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरमधला ७०० तुमच्याकडे ७०० ठरेलच असं नाही. ५००, ७०० आणि ९०० ची तीन सॅम्पल करा आणि तिन्हीचे एक्सआरडी (एक्स-रे टाकून पावडरमध्ये कोणता पदार्थ आहे ते ओळखायची टेस्ट) घ्या, एवढ्यावरही चांगला प्रोजेक्ट उभा राहतो.

तापवण्याचा वेग मिनिटाला ५ डिग्री ठीक, वर दोन तास. १२० ला अर्धा तास थांबवून पाणी जाऊ द्या.

यात धोका काय आहे? आमच्या लॅबमध्ये कोणी काही सांगत नाही.

सांगायलाच हवं. पहिली गोष्ट, नायट्रेट हे ऑक्सिडायझर आणि कार्बन किंवा साखर हे इंधन, दोन्ही एकत्र सुकवताय, त्यामुळे ओव्हन ८० च्या वर नेऊ नका, एका वेळी थोडंच करा आणि फर्नेसमध्ये दोनशे-तीनशेच्या टप्प्यात हळू जा. तपकिरी धूर येतो तो नायट्रोजन डायऑक्साईड, हुंगायचा नाही. दुसरी, वरच्या तापमानाला कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, म्हणून ट्यूबच्या बाहेरच्या टोकाची नळी बबलरमधून थेट हूडमध्ये जाऊ द्या, खोलीत सोडू नका. तिसरी, धातूरूप नॅनो लोखंड हवेत येताच पेट घेऊ शकतं. फर्नेस खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आणि उघडण्याआधी नायट्रोजनमध्ये साधारण एक टक्का ऑक्सिजन मिसळलेला गॅस काही तास सोडा म्हणजे कणांवर ऑक्साईडचा पातळ थर बसतो. मिक्स गॅस नसेल तर निदान पहिल्यांदा थोडंसंच सॅम्पल बाहेर काढा, कागदावर नाही, पोर्सेलिनच्या डिशमध्ये, जवळ ॲसिटोनची बाटली नको. आणि आयर्न पेंटाकार्बोनिल वापरून करायच्या पद्धती वाचल्यात तर त्या वाचूनच सोडा, तो द्रव फार विषारी आहे.

आमच्याकडे ट्यूब फर्नेस नाही, फक्त मफल (गॅस सोडायची सोय नसलेली साधी भट्टी) आहे.

झाकणाच्या क्रुसिबलमध्ये सॅम्पल, ते क्रुसिबल मोठ्या क्रुसिबलमध्ये, मधल्या जागेत लोणारी कोळशाची पूड दाबून भरायची, वर झाकण. कोळसा येणारा ऑक्सिजन खातो. कार्बन तयार होतो, मॅग्नेटाईटही बऱ्यापैकी मिळतं. पण आत नक्की कोणता वायू किती हे तुमच्या हातात नाही, दर वेळी तीच फेज येईल याचा भरवसा नाही, आणि मोनॉक्साईड इथेही निघतो, तेव्हा मफल एक्झॉस्टखाली हवा. शिकायला ठीक, पण रिपोर्टमध्ये "इनर्ट ॲटमॉस्फिअर" असं लिहू नका, जे केलं ते लिहा.

उसाच्या बगॅसचा किंवा करवंटीचा कार्बन चालेल ना? ग्रीन सिंथेसिस म्हणता येईल?

चालेल, छानच चालतो. करवंटीचा कार्बन कडक, बारीक भोकांचा. बगॅसचा सच्छिद्र आणि हलका, पण त्याच्या राखेत सिलिका बरीच असते आणि जास्त तापमानाला ती लोखंडाशी सिलिकेट करू शकते, म्हणजे तुमचं थोडं लोखंड कामातून गेलं. कार्बनाईज करण्याआधी ॲसिड वॉश द्या, त्याने बाकीचे क्षार जातात पण सिलिका जात नाही, म्हणून राख किती राहते ते टीजीएने (तापवत वजन मोजायची टेस्ट) एकदा बघून ठेवा. ग्रीन म्हणायचं असेल तर जपून म्हणा. बगॅस फुकट पडून नसतो, आपल्याकडचे साखर कारखाने तोच बॉयलरला जाळून वीज काढतात. आणि ९०० डिग्रीला दोन तास फर्नेस चालवली त्याची वीज पण मोजायला हवी.

हायड्रोथर्मल पद्धतीने एकाच पायरीत होतं असं ऐकलंय?

होतं. ग्लुकोज आणि लोखंडाचा क्षार पाण्यात, टेफ्लॉन लायनरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणारं बंद भांडं) १८० डिग्रीला दहा-बारा तास, ग्लुकोजचे कार्बनी गोळे होतात आणि लोखंड त्यांच्यात अडकतं. पण हा कार्बन अर्धवटच झालेला असतो, ऑक्सिजनचे ग्रुप भरपूर, वीज नीट वाहत नाही, म्हणून बहुतेक वेळा नंतर फर्नेस लागतेच. ऑटोक्लेव्ह दोन तृतीयांशच्या वर भरू नका, २०० च्या वर नेऊ नका आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका.

एक्सआरडीत नुसता आवाज दिसतो, पीक दिसतच नाही.

मशीन कॉपर ट्यूबचं असेल. कॉपरचा एक्स-रे लोखंडावर पडला की लोखंड स्वतः चमकतं, फ्लुओरेसन्स, आणि बॅकग्राऊंड वर जातं. कोबाल्ट ट्यूबचं मशीन मिळालं तर उत्तम, नाहीतर मोनोक्रोमेटर आहे का विचारा आणि स्कॅन हळू घ्या. कॉपरवर मॅग्नेटाईटचा सगळ्यात मोठा पीक ३५.५ डिग्रीच्या आसपास, धातूरूप लोखंडाचा ४४.७, ग्राफाईटचा २६.५. आयर्न कार्बाईडचे पीक ४३ ते ४६ मध्ये गर्दी करतात आणि लोखंडाचा पीक त्यातच लपतो, तिथे घाईने नाव देऊ नका.

दुसरं म्हणजे मॅग्नेटाईट आणि मॅघेमाईट (मॅग्नेटाईट ऑक्सिडाईज होऊन होतं ते तपकिरी ऑक्साईड) यांचे एक्सआरडी जवळजवळ सारखेच असतात, नॅनो कणांचे पीक रुंद झाले की वेगळं सांगणं अशक्यच. नक्की सांगायचं तर मॉसबाऊअर (लोखंडाची अवस्था ओळखणारी गॅमा किरणांची टेस्ट) लागतं. ते नसेल तर "मॅग्नेटाईट किंवा मॅघेमाईट" असं सरळ लिहा, परीक्षकाला ते जास्त आवडतं.

टेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), आयसीपी (धातू किती आहे ते मोजायचं मशीन) वगैरे कुठे करून मिळेल?

आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (महागडी उपकरणं सगळ्यांना वापरायला देणारं केंद्र) आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या सैफमध्ये बाहेरच्या कॉलेजचे सॅम्पल घेतात. नंबर लागायला वेळ जातो त्यामुळे सगळं शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. मॅग्नेटिक पावडर आहे हे फॉर्ममध्ये नक्की लिहा, टेमच्या लेन्सला कण चिकटला तर ऑपरेटरचं मोठं नुकसान होतं.

टेस्टसाठी घेतलेल्या मिथिलीन ब्लू या निळ्या डायचा रंग अर्ध्या तासात गेला. म्हणजे कॅटॅलिस्ट चालला ना?

नाही. निदान अजून सांगता येत नाही. मला या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते म्हणून जरा लांबवर लिहितो.

रंग जायची निदान तीन कारणं आहेत. एक, डाय कार्बनवर जाऊन चिकटला, ॲडसॉर्प्शन. डाय आहे तसाच आहे, फक्त पाण्यातून पावडरवर गेला. चांगल्या कार्बनला मिथिलीन ब्लू खूप आवडतो आणि नुसता कार्बन टाकूनही पाणी स्वच्छ दिसेल. म्हणून पेरॉक्साईड घालण्याआधी कॅटॅलिस्ट आणि डाय अंधारात ढवळत ठेवा, ६६४ नॅनोमीटरचं रीडिंग स्थिर होईपर्यंत, आणि तिथून पुढचं मोजा. शेवटी वापरलेली पावडर इथेनॉलमध्ये हलवून बघा, निळा रंग सुटला तर उत्तर मिळालं.

दोन, डाय तुटला नाही, नुसता रिड्यूस झाला. धातूरूप लोखंड असलेल्या सॅम्पलमध्ये हे हमखास दिसतं. मिथिलीन ब्लू दोन इलेक्ट्रॉन घेऊन ल्युको रूपात जातो आणि ते रूप बिनरंगी असतं. पावडर गाळून काढा, तो स्वच्छ दिसणारा द्रव अर्ध्या भरलेल्या बाटलीत घ्या, बूच लावून हवेबरोबर जोरात हलवा आणि ठेवून द्या. निळा परत येतो. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय ते परत कधी रंगावर विश्वास ठेवत नाहीत. आणि अझो डाय असेल तर अजून वाईट, लोखंड नायट्रोजन-नायट्रोजन बंध तोडतं, रंग कायमचा जातो, पण पाण्यात ॲरोमॅटिक अमाईन राहतात, आणि त्यातले काही मूळ डायपेक्षा जास्त घातक आहेत, बेन्झिडीन तर कॅन्सर करणारं म्हणून माहीतच आहे. बिनरंगी पाणी आणि निर्धोक पाणी यात फार अंतर आहे.

तीन, खरंच तुटला, हायड्रॉक्सिल रॅडिकलने रेणू फोडला. हे दाखवायचं असेल तर टीओसी हवा, म्हणजे पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला. रंग ९५ टक्के गेला आणि टीओसी ३० टक्केच कमी झाला असे रिझल्ट येतात, आणि ते लाजायचे रिझल्ट नाहीत, तेच खरे आहेत, तसेच छापा.

ब्लँक, म्हणजे एखादी गोष्ट वगळून केलेल्या तुलनेच्या रिॲक्शन, न चुकता करा. नुसता डाय आणि पेरॉक्साईड. नुसता डाय आणि कॅटॅलिस्ट. डाय, पेरॉक्साईड आणि लोखंड नसलेला कार्बन. आणि पुढच्या प्रश्नातला चौथा. सॅम्पल काढल्यावर ते ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून घ्या, मॅग्नेटने बारीक कण सगळे येत नाहीत, आणि लगेच मिथेनॉल किंवा थायोसल्फेट घालून रिॲक्शन थांबवा नाहीतर क्युव्हेटमध्येही ती चालूच राहते.

काम कॅटॅलिस्टने केलं की पाण्यात सुटलेल्या लोखंडाने, हे कसं ओळखायचं?

लोखंड ॲसिडिक पाण्यात सुटतं आणि सुटलेलं लोखंड हाच जुना फेंटन. मग तुमच्या मेहनतीच्या नॅनोमटेरियलपेक्षा चिमूटभर फेरस सल्फेटने तेवढंच काम केलं असतं. चालू रिॲक्शनच्या मध्यावर कॅटॅलिस्ट गाळून काढा आणि गाळलेला द्रव तसाच पुढे चालू ठेवा. रंग जायचा थांबला तर काम पृष्ठभागावर होत होतं. तसाच जात राहिला तर काम विरघळलेल्या लोखंडाचं आहे. चौथा ब्लँक हाच, जेवढं लोखंड सुटलं तेवढंच फेरस क्षाराच्या रूपात घालून वेगळी रिॲक्शन.

सुटलेलं लोखंड मोजायला आयसीपीच पाहिजे असं नाही. फिनॅन्थ्रोलिनची जुनी पद्धत प्रत्येक कॉलेजात होते, हायड्रॉक्सिलअमाईनने सगळं फेरस करा, ॲसिटेट बफर, फिनॅन्थ्रोलिन, आणि ५१० नॅनोमीटरला नारिंगी-लाल रंग मोजा. उरलेला पेरॉक्साईड आधी घालवा आणि डायचा रंग राहिला असेल तर तो वजा करा.

पीएच ३ लाच का करतात सगळे? खरं पाणी तर ३ चं नसतं.

बरोबर पकडलंत. तीनच्या वर फेरिक लोखंड हायड्रॉक्साईड होऊन खाली बसतं आणि विरघळलेल्या फेंटनचं चाक थांबतं, म्हणून ३. घन कॅटॅलिस्टचा खरा फायदा तर ६-७ ला दिसायला हवा, त्यामुळे ३ ला ९९ टक्के दाखवण्यापेक्षा ७ ला ६० टक्के दाखवलेलं मला जास्त मोलाचं वाटतं.

इचलकरंजीचं प्रोसेसिंगचं सांडपाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण हा आपल्या डोळ्यासमोरचा विषय आहे, त्यामुळे बरेच जण खऱ्या पाण्यावर करू म्हणतात, जरूर करा. पण रिॲक्टिव्ह डाईंगमध्ये मीठ आणि सोडा ॲश ढिगाने घालतात, पाणी अल्कलाईन असतं, आणि कार्बोनेट, क्लोराईड दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतात. डीआय वॉटरमध्ये धावणारा कॅटॅलिस्ट तिथे बसतो. म्हणून मधली पायरी म्हणून स्वतःच्या डायच्या द्रावणात मोजून मीठ आणि सोडा घालून आधी बघा, म्हणजे कोणामुळे किती अडतंय ते कळेल.

ट्रीटमेंटनंतर सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाईज करायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा) कमी व्हायच्या ऐवजी वाढला, असं कसं?

उरलेला पेरॉक्साईड. सीओडीच्या टेस्टमधला डायक्रोमेट पेरॉक्साईडलाही ऑक्सिडाईज करतो आणि आकडा खोटा वाढतो. आधी पीएच वाढवून, थोडं गरम करून पेरॉक्साईड संपवा, स्ट्रिपने तपासा, मग सीओडी लावा. आणि उलट बाजूने, जुन्या ३० टक्क्यांच्या बाटलीत ३० टक्के राहिलेलं नसतं, परमँगनेटने टायट्रेट करून घ्या.

पाच वेळा वापरला तरी ९८ टक्के येतंय, म्हणजे कॅटॅलिस्ट टिकाऊ?

साठ मिनिटांनी मोजताय म्हणून तसं दिसतंय. पहिल्या वेळी दहा मिनिटांत संपत असेल आणि पाचव्या वेळी पन्नास मिनिटांत, तर साठाव्या मिनिटाला दोन्ही ९८ च दिसणार. दहाव्या मिनिटाचा आकडा किंवा सुरुवातीचा रेट द्या. दर वेळी धुताना थोडी पावडर जाते तीही वजन करून लिहा, आणि वापरलेल्या पावडरचा एक्सआरडी घ्या, धातूरूप लोखंडाचं ऑक्साईड झालेलं सापडेल.

फ्युएल सेलसाठीचा आयर्न-नायट्रोजन-कार्बन कसा करतात?

तिथे कण नकोच असतात, लोखंडाचा एकेक अणू चार नायट्रोजनच्या मध्ये हवा. सुरुवात १९६४ ला, जासिन्स्कीने कोबाल्ट थॅलोसायनिन ऑक्सिजन रिडक्शन (फ्युएल सेलमध्ये ऑक्सिजनचं पाणी करायची रिॲक्शन) करतं हे दाखवलं. २००९ मध्ये कॅनडातल्या डोडेले यांच्या ग्रुपने आणि २०११ मध्ये लॉस ॲलामॉसच्या झेलेनाय यांच्या ग्रुपने लोखंडावर मोठी मजल मारली. लोखंडाचा क्षार, नायट्रोजन असलेलं काहीतरी म्हणजे फिनॅन्थ्रोलिन, पॉलिॲनिलिन किंवा झेडआयएफ-८ (जस्त आणि नायट्रोजनवाल्या रेणूंचा सच्छिद्र स्फटिक), आणि कार्बन, हे आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये ९०० च्या पुढे तापवायचं, मग ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ८० डिग्रीला धुऊन सुटे कण काढायचे, मग पुन्हा एकदा तापवायचं. लोखंड मुद्दाम कमी घेतात, शेवटी एक-दोन टक्के राहिलं तरी भरपूर, जास्त घातलं की अणू एकत्र येऊन कार्बाईडचे कण होतात.

वरचा फेंटन इथे शत्रू होतो. ऑक्सिजन पूर्ण पाण्यापर्यंत गेला नाही तर मध्येच पेरॉक्साईड होतं, ते लोखंडाला भेटतं, रॅडिकल तयार होतात आणि कॅटॅलिस्टचा स्वतःचा कार्बन खातात. टिकाऊपणाचं दुखणं बरंचसं इथलं आहे.

आणि टेस्ट करताना काउंटर इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा लावू नका, ग्राफाईटचा रॉड लावा. प्लॅटिनम थोडं विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर येऊन बसतं आणि लोखंडाचा कॅटॅलिस्ट अचानक प्लॅटिनमसारखा चालायला लागतो.

नॅनोट्यूब "मेटल-फ्री कॅटॅलिस्ट" म्हणून वापरता येतात का?

ट्यूब बनल्या कशावर हे आधी विचारा. बहुतेक ट्यूब लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलच्या कणांवरच वाढवलेल्या असतात, फेरोसीन वाफ करून सातशे-नऊशे डिग्रीला सोडलं की त्यातलंच लोखंड कॅटॅलिस्ट होतं. ॲसिडने धुतलं तरी कवचाच्या आत बंद झालेलं लोखंड राहतं. ऑक्सफर्डच्या कॉम्प्टन यांच्या ग्रुपने २००६ मध्ये दाखवलं की ट्यूबच्या इलेक्ट्रोडवर पेरॉक्साईड ओळखायचं श्रेय ज्या कार्बनला देत होते ते काम खरं तर आत राहिलेल्या आयर्न ऑक्साईडचं होतं. आयसीपीशिवाय मेटल-फ्री हा शब्द लिहू नये.

मोठ्या कारखान्यात आयर्न-कार्बन कुठे वापरतात का?

फिशर-ट्रॉप्शमध्ये, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजनपासून इंधन. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्गला १९५५ पासून लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर हे केलं गेलं. आपण लोखंड टाकतो पण चालू रिॲक्शनमध्ये त्याचं कार्बाईड होतं आणि काम ते करतं. उट्रेख्टच्या ग्रुपने २०१२ मध्ये कार्बन नॅनोफायबरवर लोखंडाचे नॅनो कण बसवून, त्यात थोडं सोडियम आणि गंधक घालून हलके ओलेफिन (इथिलीनसारखे रेणू) काढले, आणि २०१५ मध्ये डेल्फ्टच्या लोकांनी लोखंडाचा एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) तापवून कार्बनमध्ये दाटीने पण वेगवेगळे बसलेले कण मिळवले. पायरोलिसिसची, म्हणजे हवेशिवाय तापवायची, ही युक्ती आपण वर मफल आणि ट्यूब फर्नेसमध्ये केली तीच.

सॅम्पल ठेवायचं कसं आणि वापरलेलं टाकायचं कुठे?

मॅग्नेटाईटचं सॅम्पल कोरड्या डेसिकेटरमध्ये, घट्ट बुचाच्या बाटलीत. धातूरूप लोखंडाचं नायट्रोजन भरून, आणि दर महिन्याला थोडं काढून एक्सआरडी घेतलात तर किती लवकर ऑक्साईड होतंय ते कळतं. बाटलीवर तारीख, फर्नेसचं तापमान आणि कार्बनचा लॉट नंबर लिहा, नुसतं "एस-३" नको. वापरलेली पावडर सिंकमध्ये ओतू नका, त्यावर डाय आणि तुटलेले तुकडे चिकटलेले असतात. मॅग्नेटने गोळा करून, धुऊन, सुकवून सॉलिड वेस्टच्या डब्यात वेगळी ठेवा, आणि डब्यावर आत कोणता डाय आहे तेही लिहा, कारण तो डबा पुढे ज्याच्या हातात जाणार आहे त्याला बाहेरून फक्त काळी पावडर दिसते.